टोपड्याचे माप

झबले थोडे मोठे शिवले तरी चालते. बाही दुमडता येते आणि अंगात ढगळ राहिले म्हणून बाळ तक्रार करत नाही. टोपड्याचे तसे नाही. ते मोठे झाले तर डोळ्यांवर उतरते, लहान झाले तर कपाळावर वळ उठतो आणि बाळ रडून घर डोक्यावर घेते. आमच्या घरातल्या आणि शेजारपाजारच्या बारशांची झबली-टोपडी शिवण्याचे काम माझ्याकडे चालत आल्याला पुष्कळ वर्षे झाली. त्या शिवणकामाने मला एक गोष्ट कोणत्याही तक्त्याशिवाय शिकवली होती : पहिल्या तीन महिन्यांत माणसाचे डोके ज्या वेगाने वाढते, त्या वेगाने ते पुढे आयुष्यभरात कधीही वाढत नाही. बारशाचे टोपडे तिसऱ्या महिन्यात डोक्यावर चढत नाही. पहिल्या वाढदिवसाचे जरा सैल शिवले, तर ते दुसऱ्या वाढदिवसापर्यंत सहज पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांतले आकडे हेच सांगतात, फक्त अधिक नेमकेपणाने. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या डोक्याचा घेर जन्मतः मध्यमानाने ३४.५ सेंटिमीटर असतो, मुलीचा ३३.९. तीन महिन्यांना मुलाचा घेर ४०.५ होतो, सहा महिन्यांना ४३.३ आणि वर्षाला ४६.१. दुसऱ्या वाढदिवसाला तो ४८.३ असतो आणि पाचव्याला ५०.७. मुलींचे आकडे प्रत्येक टप्प्यावर एखाद्या सेंटिमीटरने कमी. पहिल्या तीन महिन्यांत दरमहा सुमारे दोन सेंटिमीटर, पुढच्या तिमाहीत सुमारे एक, आणि नंतरच्या सहामाहीत अर्धा, असा हा उतरता हिशेब आहे. प्रौढ पुरुषाच्या डोक्याचा घेर साधारणपणे ५५ ते ५७ सेंटिमीटर भरतो आणि स्त्रीचा त्याहून थोडा कमी. म्हणजे ज्या पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीत अजून दीड-दोन फूट भर पडायची असते, त्याच्या डोक्याला मात्र आयुष्यभरासाठी जेमतेम चार बोटे वाढणे शिल्लक राहिलेले असते.

याचे कारण कवटीत नसून तिच्या आत आहे. जन्मतः साडेतीनशे ते चारशे ग्रॅम वजनाचा मेंदू वर्षभरात नऊशे ग्रॅमच्या आसपास पोहोचतो, आणि प्रौढ मेंदूचे वजन तेराशे-चौदाशे ग्रॅम असते. कवटी आपणहून फारशी वाढत नाही. आतून वाढणारा मेंदू तिला वाढायला लावतो, म्हणूनच डॉक्टर बाहेरून गुंडाळलेल्या फितीवरून आतल्या वाढीचा अंदाज बांधू शकतात. परकर शिवताना शिवणीत माया ठेवावी, म्हणजे मुलगी वाढली की उसवून सोडता येते, तशी निसर्गाने बाळाच्या कवटीत माया ठेवलेली असते. हाडांचे तुकडे सुटे असतात आणि त्यांच्यामध्ये लवचीक पडद्याच्या शिवणी असतात. जिथे दोनाहून अधिक शिवणी एकमेकींना भेटतात, तिथे टाळूची मऊ जागा राहते. पुढची टाळू शंकरपाळ्याच्या आकाराची असते आणि बहुतेक मुलांत नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भरते, काहींत दोन वर्षांपर्यंतही जाते. मागची टाळू लहान आणि तिकोनी असते आणि दोन-तीन महिन्यांत भरून गेल्यामुळे ती होती हेदेखील पुष्कळांना कळत नाही. तेल जिरवल्याने टाळू लवकर भरते ही समजूत आमच्याकडे पक्की आहे. तेलाने डोक्याची त्वचा मऊ राहत असेल, पण टाळू भरते ती हाडांच्या कडांवर नवे हाड तयार झाल्याने, आणि त्या कामात तेलाला प्रवेश नाही.

ही माया सर्वांत आधी उपयोगी पडते ती जन्माच्या वेळी. जन्ममार्गातून येताना हाडांच्या कडा एकमेकींवर सरकतात, डोके निमुळते होते, आणि पहिल्या दिवशी बाळ पाहायला आलेल्या एखाद्या आत्याबाईंच्या चेहऱ्यावर काळजी उमटते. दोन-चार दिवसांत हाडे आपापल्या जागी येतात आणि सूजही उतरते. म्हणूनच जन्मानंतर लगेच घेतलेले माप थोडे फसवे असू शकते आणि काही दिवसांनी ते पुन्हा घेणे शहाणपणाचे ठरते. सिझेरियनने जन्मलेल्या बाळांची डोकी पहिल्या दिवसापासूनच गोल दिसतात, यात आईचे किंवा डॉक्टरांचे विशेष कर्तृत्व नसते.

माझा नातू नऊ महिन्यांचा असताना त्याच्या डोक्याचा घेर ४७.८ सेंटिमीटर भरला. तक्त्यावर त्या वयाची सर्वांत वरची रेघ ४७.५ च्या जवळपास जाते, म्हणजे आमचा ठिपका रेघेच्या बाहेर पडला होता. सून शिकलेली, त्यामुळे तिने त्या रात्री मोबाइलवर जे जे वाचायचे ते सगळे वाचून काढले आणि घरात कुणी नीट जेवले नाही. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी स्कॅनची चिठ्ठी लिहिण्याआधी जे केले ते पाहून मला प्रथम गंमत वाटली. त्यांनी फीत पुन्हा हातात घेतली आणि ती माझ्या मुलाच्या, म्हणजे बाळाच्या बापाच्या, डोक्याला गुंडाळली. मग सुनेच्या डोक्याला. मुलाचे माप ५९ सेंटिमीटर भरले. “आजी, यांचं डोकं लहानपणीही असंच होतं का?” असे त्यांनी मला विचारले, आणि मला आठवले की त्याच्या टोपड्यांना मी नेहमी एक बोट कापड जास्त धरत असे.

मोठ्या डोक्याच्या पुष्कळशा मुलांचे उत्तर असे घरातच सापडते. आई-बापांपैकी एकाचे, बहुधा बापाचे, डोके मोठे असते आणि मुलाने ते माप उचललेले असते. उंची, नाक, कपाळ वारशाने येते तसेच हेही. नातवाची टाळू अजून उघडी असल्यामुळे डॉक्टरांनी खात्रीसाठी टाळूवरून सोनोग्राफी करून घेतली. हाड मध्ये नसल्याने ध्वनिलहरी आत जातात, मुलाला भूल द्यावी लागत नाही आणि किरणोत्सर्गही नसतो. ही सोय टाळू भरेपर्यंतच मिळते. मेंदूभोवती थोडेसे पाणी जास्त दिसले, जे अशा घराण्यातल्या मुलांत पुष्कळदा दिसते आणि साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या सुमारास आपोआप बेताचे होते. मूल बसत होते, हसत होते, हाका ओळखत होते. डॉक्टरांनी त्याला पुन्हा पाहायला बोलावले आणि औषध काहीच दिले नाही.

या प्रसंगात एक साधा हिशेब मला फार उशिरा समजला. तक्त्यावरच्या वरच्या आणि खालच्या रेघा अशा आखलेल्या असतात की शंभरांतली सुमारे पंचाण्णव निरोगी मुले त्यांच्या आत बसतात. उरलेली काही मुले रेघेबाहेर असणार हे आखणीतच ठरलेले असते. तीही निरोगीच असतात. तक्ता निरोगी मुलांवरूनच बनवलेला असतो, आणि तरीही त्याची काठाची रेघ आपल्याला आजाराच्या कुंपणासारखी वाटते. सुटा ठिपका म्हणूनच फारसे बोलत नाही. दोन ठिपक्यांना जोडणारी रेघ बोलते, आणि तीन ठिपके असले तर ती स्पष्ट बोलते. वरच्या रेघेच्याही वर असलेले पण तिला समांतर जाणारे डोके बहुधा घराण्याचे असते. अगदी मधल्या रेघेवर जन्मलेले आणि तीन महिन्यांत एकेक रेघ ओलांडत वर चढलेले डोके, आकड्याने अजून ‘नॉर्मल’ असले तरी, ताबडतोब दाखवण्याजोगे असते.

तसे चढणारे डोके बहुधा मेंदूतल्या पाण्याचे असते. मेंदूच्या पोकळ्यांत तयार होणारे पाणी वाहून जाण्याची वाट अडली की ते साचते, आणि शिवणी उघड्या असल्यामुळे कवटी पसरत जाते. टाळू फुगलेली आणि ताणलेली लागते, डोक्यावरच्या शिरा ठळक दिसतात, बाळाला उलट्या होतात, ते सुस्त किंवा फार किरकिरे होते, आणि त्याचे डोळे खालच्या बाजूला वळलेले राहतात, जणू बुबुळे खालच्या पापणीआड मावळत आहेत. यावर शस्त्रक्रिया आहे. पोकळीतले पाणी पोटात नेऊन सोडणारी बारीक नळी बसवतात. वेळेवर केलेली ही शस्त्रक्रिया मेंदू वाचवते, आणि वेळ पाळायची तर फितीचे माप नियमित घेतलेले असावे लागते.

याच्या उलट बाजूला वेळेआधी बंद होणारी शिवण असते. एक शिवण मुदतीपूर्वी मिटली की कवटी त्या शिवणीला काटकोनात वाढू शकत नाही आणि मोकळ्या दिशेला वाढते; डोके होडीसारखे लांबट किंवा एका बाजूने आखडलेले दिसू लागते. इथे घेराचा आकडा फसवू शकतो, कारण घेर बरोबर आणि आकार बिघडलेला, असे होऊ शकते. एका बाजूने चपट्या झालेल्या प्रत्येक डोक्यामागे मात्र मिटलेली शिवण नसते. बाळ सतत एकाच कुशीवर किंवा उताणे झोपले की तिथे डोके दबते, आणि ही चपटी बाजू बहुतेक वेळा मूल बसू-रांगू लागल्यावर पुष्कळशी भरून येते. अमेरिकेत १९९४ पासून बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली. पाळण्यातले अचानक मृत्यू त्यामुळे फार कमी झाले आणि चपटी डोकी वाढली. तो सौदा कोणत्याही हिशेबाने फायद्याचाच होता.

आमच्याकडे या प्रश्नाचे उत्तर म्हणून राईची उशी आहे आणि न्हाऊ घालणारी बाई आहे. आमच्या विहीणबाईंनी राईची उशी शिवून पाठवली, तेव्हा ती उत्तम शिवलेली होती हे मी शिवणारी म्हणून कबूल करते. पण वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना कोणतीच उशी नको, कारण मान वाकली किंवा नाक दबले तर श्वासाला अडथळा होऊ शकतो, असे डॉक्टर सांगतात. ती उशी मी दिवसा, बाळ जागे असताना आणि माझ्या नजरेखाली असताना वापरू दिली आणि रात्री काढून ठेवली, त्यामुळे दोन्ही घरांतला सलोखा टिकला. बाळ जागे असताना त्याला थोडा वेळ पालथे ठेवणे आणि पाळण्यातली त्याची दिशा बदलत राहणे हे खरे उपाय आहेत. मालिश करताना डोके दाबून ‘गोल करण्याची’ पद्धत मात्र सरळ थांबवावी. अशा दाबण्याने डोक्याला आकार येत नाही, आणि उघडी टाळू ही जोर लावण्याची जागा नव्हे.

लहान डोक्याची चिंता वेगळी आणि बहुतेक वेळा अधिक गंभीर असते, कारण कवटी वाढली नाही याचा अर्थ बहुधा मेंदू वाढला नाही असा होतो. गर्भारपणात झालेला रुबेला किंवा तत्सम संसर्ग, जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, जनुकांतले दोष, अशी कारणे असतात. तरीही रेघ कुठे ओढायची हा प्रश्न इथेही सुटत नाही. २०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्येकडे झिका विषाणूची साथ आली आणि लहान डोक्याची बाळे जन्माला येऊ लागली, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याने आधी ३३ सेंटिमीटर ही मर्यादा ठरवली. ती इतकी सैल होती की असंख्य निरोगी बाळे संशयितांच्या यादीत आली. डिसेंबरात ती ३२ करण्यात आली आणि २०१६ च्या मार्चमध्ये मुलांसाठी ३१.९ आणि मुलींसाठी ३१.५. एका सेंटिमीटरने मधल्या काळात किती आयांची झोप उडाली असेल, याचा विचार मी करते. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या, तेव्हा सोनोग्राफीतला डोक्याचा घेर हा आकडा आपल्याकडच्याही अनेक घरांत पहिल्यांदाच बोलला गेला.

मुळात ज्यांच्यावरून तक्ता बनवला ती निरोगी मुले कुठली, हेही विचारायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ आणि २००७ मध्ये जाहीर केलेले तक्ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांच्या मापांवर उभे आहेत. भारतातली मुले दिल्लीची होती. नवजात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी २०१४ मध्ये आलेल्या मापदंडांच्या अभ्यासात आठ ठिकाणे होती आणि त्यांत ऑक्सफर्ड, तुरिन, नैरोबी यांच्या जोडीने आपले नागपूर होते. पुरेसे पोषण आणि निगा मिळालेली मुले जगात सगळीकडे जवळपास सारखीच वाढतात, ही या तक्त्यांमागची भूमिका आहे आणि उंचीच्या बाबतीत ती बरीचशी टिकते. डोक्याच्या बाबतीत ती कमी टिकते. निरनिराळ्या देशांतल्या निरोगी मुलांच्या डोक्यांची सरासरी या तक्त्यापासून बरीच वर किंवा खाली जाऊ शकते, असे नंतरच्या आढाव्यांत दिसले. म्हणून तक्ता वापरावा, पण बापाच्या डोक्याला फीत लावणाऱ्या डॉक्टरांवर अधिक विश्वास ठेवावा.

गरिबीतही शरीर डोक्याला शेवटपर्यंत जपते. पोटातल्या बाळाला पोषण कमी पडले की रक्ताचा वाटा आधी मेंदूकडे वळतो आणि पोटातले अवयव व स्नायू मागे पडतात. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या अभ्यासात तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. फरक सर्व मापांत होता. पण पोटाच्या घेरात तो फार होता आणि डोक्याच्या घेरात तितका नव्हता. अंगणवाडीत ताई मुलाचा दंडघेर मोजतात तो याच कारणाने. उपासमार दंडावर आधी दिसते आणि डोक्यावर सर्वांत शेवटी. जन्मतः डोके छातीपेक्षा दोनेक सेंटिमीटरने मोठे असते आणि वर्षाच्या आसपास दोन्ही मापे सारखी होतात. त्यानंतरही छाती मागेच राहिली, तर डोके मोठे झाले असे न समजता मूल उपाशी आहे असे समजायचे असते.

फितीचा आणि कवटीमापकाचा दुसराही इतिहास आहे आणि तो या विषयात टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने भारतीयांची नाके आणि डोकी मोजून जातींचे वंश ठरवले, आणि रुंद डोक्यांवरून मराठी ब्राह्मण आणि कुणबी यांना एकाच ‘सिथो-द्रविड’, म्हणजे शक-द्रविड मिश्रणाच्या, कप्प्यात टाकले. त्या कप्प्यांवर पुढच्या पिढीतल्या भारतीय अभ्यासकांनी कठोर टीका केली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये घडलेली गोष्ट. इरावती कर्वे तिथे ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. युरोपीय कवट्यांतली डाव्या-उजव्या बाजूंची असमानता इतर वंशांच्या कवट्यांपेक्षा वेगळी असली पाहिजे, अशी फिशरची धारणा होती; गोऱ्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व हाडांत दाखवण्याची ती खटपट होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशावरून असमानता ठरत नाही, असा निष्कर्ष मार्गदर्शकाच्या तोंडावर लिहिला. ज्या संस्थेत हे घडले ती पुढे नाझींच्या वंशविज्ञानाची मोठी पेठ झाली, हे लक्षात घेतले म्हणजे परदेशातल्या एका तरुण विद्यार्थिनीचे ते धैर्य किती होते हे कळते. आणि त्या प्रबंधाचा विषय होता कवटीची स्वाभाविक असमानता. म्हणजे थोडे वाकडे असणे हेच डोक्यांचे सर्वसाधारण लक्षण आहे, ही गोष्ट त्यात आधीच गृहीत धरलेली होती.

एका डोक्याशी दुसऱ्याचे डोके ताडून माणसांची उतरंड लावायची, की त्याच डोक्याचे आजचे माप मागच्या मापाशी ताडून पाहायचे, एवढाच काय तो फितीच्या दोन उपयोगांतला फरक आहे. पहिल्या उपयोगातून काही हाती लागले नाही. सर्वसाधारण मर्यादेतल्या डोक्याच्या मापावरून कुणा एकाची हुशारी सांगता येत नाही. मोठ्या डोक्याचा म्हणून नातवाला ‘पुढे कलेक्टर होणार’ असे म्हणणाऱ्यांना मी हे सांगत नाही, कारण ते प्रेमाने म्हणतात.

मोठ्या माणसांचे डोके कुणी मोजत नाही. त्याला अपवाद दोन : पगडी बांधून देणारे कारागीर आणि हेल्मेटचा दुकानदार. वय वाढले की मेंदू थोडा आक्रसतो, पण कवटीचे माप तेच राहते. म्हणून चाळिशीनंतर जुने हेल्मेट किंवा टोपी घट्ट होऊ लागली, अंगठी निघेना आणि चपलेचा नंबर वाढला, तर ती वाढीच्या संप्रेरकाच्या बिघाडाची खूण असू शकते आणि डॉक्टरांना सांगण्याजोगी असते. हाडांच्या एका विकारातही म्हातारपणी टोपीचे माप वाढते. एरवी प्रौढ डोक्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नसते.

नातवाचा ठिपका वर्षाला ४९ वर आला, दोन वर्षांना ५१.३ वर, आणि त्याची रेघ वरच्या रेघेला समांतर चालत राहिली. त्यानंतर डॉक्टरांनी घेर मोजणे थांबवले. दोन-तीन वर्षांपुढे निरोगी मुलाचा तो मोजत नाहीत, उंची आणि वजन पाहतात. आता दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला हेल्मेट आणि बापाच्या अंगाशी बांधणारा पट्टा हवा, असा २०२२ चा केंद्राचा नियम आहे, आणि चार वर्षांपुढे हेल्मेटची सक्ती मोठ्यांसारखीच आहे. माझ्या मुलाच्या हेल्मेटच्या आत ६०० असा मिलिमीटरमधला आकडा छापलेला आहे. नातू चार वर्षांचा झाला तेव्हा आम्ही त्याच्यासाठी हेल्मेट घ्यायला गेलो. दुकानदाराने वय विचारून लहान मुलांचे सर्वांत छोटे हेल्मेट पुढे केले. मी पिशवीतून फीत काढली, भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून ती फिरवली, तीनदा माप घेऊन त्यांतले मोठे धरले, आणि ५३ च्या वरचे हेल्मेट दाखवायला सांगितले.